फाट्यावरचा शंभर टक्के निकाल आणि आठवीचा वर्गफोटो

बोरीकाठ (धागाकर्ता)

मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नाला गावी गेलो होतो. गाव अमळनेर आणि पारोळ्याच्या मधे, बोरी नदीच्या काठी. नाव सांगत नाही, सांगितलं की उद्या घरी फोन जाईल. फाट्यावर उतरलो तर टपरीच्या डोक्यावर हा एवढा फलक : आपल्या शाळेचा दहावीचा निकाल १०० टक्के. संस्थेचे अध्यक्ष, सचिव, सरपंच यांचे फोटो दारावरच्या गणपतीएवढे, आणि पहिल्या तीन आलेल्या पोरींचे फोटो आधार कार्डावर असतात तेवढे. तरी बरं वाटलं. मीही त्याच शाळेचा. आमच्या वेळी अर्धा वर्ग पास झाला तरी हेडसर पेढे वाटायचे.

हळदीच्या रात्री पुतण्यासोबत ओट्यावर बसलो होतो. तोही यंदाच दहावी झाला. त्याच्या मोबाइलमध्ये आठवीचा वर्गफोटो होता. मी सहज म्हटलं, हे सगळे पास का रे? तो नुसता हसला. मग आम्ही एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेलो.

फोटोत एकेचाळीस पोरं. हा? "काका, हा सालदार राहिला, वर्षाच्या बोलीवर शेतात." ही? "हिचं लग्न झालं, नववीच्या दिवाळीनंतर." हा? "तो आईबापासोबत उसाला जातो, बारडोलीकडे." हे दोघं? "त्यांचं सतरा नंबर." ही? "हिचं नाव शाळेतच होतं, पण यायची नाही." एक जण आयटीआयच्या नादानं मामाकडे गेला, त्याचं काय झालं ते पुतण्यालाही ठाऊक नाही. मोजता मोजता परीक्षेला बसलेले उरले सव्वीस. सव्वीसच्या सव्वीस पास.

म्हणजे फलकावर खोटं काहीच नाही. आणि त्याचाच मला जास्त त्रास होतोय. शाळा चांगली की वाईट हे आपण दहावीच्या टक्केवारीवरून ठरवतो, पण ती टक्केवारी शेवटपर्यंत टिकलेल्यांची. बाकीचे पंधरा कोणाच्या हिशेबात?

इथे बरेच शिक्षक आहेत, खान्देशातले लोक आहेत. तुमच्याकडे काय चित्र आहे? आठवी ते दहावीच्या मधे नक्की काय होतं?

---

गिरणाथडी

टक्केवारीचं एक गंमत म्हणून सांगतो. राज्याचा दहावीचा निकाल २०१९ ला ७७.१० टक्के आणि २०२० ला ९५.३० टक्के. एका वर्षात महाराष्ट्रातली पोरं अठरा टक्क्यांनी हुशार झाली का? तर नाही. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढून टाकले होते, पुढच्या वर्षी ते परत आले. बस, एवढंच.

पासाला लागतात ३५. शाळेच्या हातातले २० पैकी १८ मिळाले (आणि मिळतातच) की ८० च्या पेपरात १७ आणायचे राहतात.

२०२१ ला कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५. २०२२ ला पंचवीस टक्के अभ्यासक्रम कमी आणि 'शाळा तेथे केंद्र' (म्हणजे आपल्याच शाळेत पेपर), निकाल ९६.९४. त्याच वर्षी एसटीचा संप नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चालला होता. आमच्या तालुक्यातल्या खेड्यापाड्यांतली पोरं महिनोन् महिने शाळेपर्यंत पोचत नव्हती. निकालात दिसलं का ते कुठे?

---

थेटबोला

एवढं खोलात कशाला जायचं. मास्तरांचा पगार बघा आणि मास्तरांची पोरं कुठे शिकतात ते बघा. गावातल्या शाळेत शिकवतात, स्वतःची पोरं जळगाव-धुळ्याला इंग्लिश मिडियमला. साडेदहाची शाळा, साडेचारला मोटारसायकलला किक. साने गुरुजी याच अमळनेरात मास्तर होते, १९२४ ते ३०, छात्रालयातल्या पोरांची आई झाले. आता गुरुजींचं नाव फक्त ११ जूनच्या भाषणाला काढतात.

---

केळीबाग

थेटबोला, अर्धं बरोबर. पण फक्त मास्तरांचीच पोरं नाही जात हो. आमच्या रावेरकडे पहाटे सहाला पिवळ्या गाड्या गल्लीगल्लीत हॉर्न मारतात. ज्याची चार एकर केळी आहे त्याचं पोरगं पहिलीपासूनच तालुक्याला. गावच्या शाळेत मग राहिलं कोण? मजुराचं, सालदाराचं, भिलाटीतलं. पूर्वी पाटलाचा पोरगा आणि त्यांच्याच सालदाराचा पोरगा एका बाकावर बसायचे, त्यामुळे पाटील शाळेत येऊन सरांना जाब तरी विचारायचा. आता जाब विचारू शकणारे सगळे पिवळ्या गाडीत बसून गेले.

(माझाही त्यातच जातो. लपवत नाही.)

---

खडूफळा

बोरीकाठ भाऊ, तुमचा धागा परवा वाचला. उत्तर द्यावं की नाही यात दोन दिवस गेले. मी ३१ वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापक म्हणून, चाळीसगाव-भडगावच्या बाजूला, अनुदानित शाळेत. आता निवृत्त आहे, म्हणून लिहितो.

तुमच्या पुतण्याने "सतरा नंबर" म्हटलं, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : १७ नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्याचा अर्ज. मुळात चांगली सोय आहे. शाळा सुटलेल्या बाईला, कामावरच्या माणसाला परीक्षा देता यावी म्हणून. पण बोर्ड नियमित विद्यार्थ्यांचा निकाल वेगळा काढतं आणि खासगीरीत्या बसलेल्यांचा वेगळा. फलकावर जातो तो नियमितचा. आलं लक्षात?

नववीचा निकाल लागला की कच्च्या पोरांची यादी होते. त्यांच्या पालकांना एकेक करून बोलावतात. मीही बोलावलं आहे. एका वर्षी एका बापाला मी सांगितलं, तुमचा पोरगा दहावीत टिकणार नाही, दाखला घ्या, सतरा नंबर भरा, घरी अभ्यास होईल आणि शेतालाही हात लागेल. त्या माणसाने डोक्यावरची टोपी काढून मला हात जोडले. मी त्याच्यावर उपकार केले असं त्याला वाटलं. तीनेक वर्षांनी तो पोरगा मला जिनिंगच्या काट्यावर भेटला, कापसाच्या गाडीवर. विचारलं, फॉर्म भरला होतास का? म्हणाला, "भरेल व्हता सर. पन पेपरले गऊ नही."

आता हे का केलं. संस्थेला निकाल हवा असतो. निकाल नाही तर पुढच्या वर्षी पोरं येत नाहीत, पोरं नाहीत तर तुकडी तुटते, तुकडी तुटली की दोन शिक्षक अतिरिक्त ठरतात आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला समायोजनात जातात. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवणं, ३० सप्टेंबरच्या पटावर होते. त्याचे निकष बदलणाऱ्या १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर तर कमी पटाच्या शाळांची झोपच उडाली आहे. त्यामुळे सप्टेंबरात पट हवा म्हणून पोरगं कागदावर पाहिजे, आणि मार्चात निकाल हवा म्हणून तेच पोरगं कागदावरून गेलेलं पाहिजे. ती "नाव होतं पण यायची नाही" म्हणालात ना, ती पोरगी पहिल्या कारणासाठी पटावर होती.

थेटबोला, किकचं म्हणाल तर काही जण मारतात, नाकारत नाही. पण शिपायाचं पद रिक्त झालं की भरत नाहीत, २०२० पासून त्या जागी नुसता भत्ता आहे. घंटा शिक्षक देतो, कुलूप शिक्षक लावतो, यू-डायसची ऑनलाइन माहिती शिक्षक भरतो, मतदार यादी शिक्षक करतो. गणिताचा शिक्षक निवृत्त झाला की शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून दुसरा मिळेपर्यंत पीटीचे सर गणित घेतात. आमच्याकडे दोन वर्षं घेतलं. त्या दोन वर्षांचा निकाल चांगला लागला, हे आणखी एक.

---

थेटबोला

सर, लिहायला हिंमत लागते. मान्य. पण तो पोरगा?

---

खडूफळा

त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

एक मात्र खरं की ते करायची गरजच नव्हती. २०१५ पासून दहावी नापासांची फेरपरीक्षा लगेच जून-जुलैत होते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला बसता येतं. आमच्या काळी दहावी नापास म्हणजे वर्ष पाण्यात, आता दोन महिन्यांचा प्रश्न आहे. पोराला बसू दिलं असतं, इंग्रजी-गणितात उडाला असता, जुलैत परत बसला असता. फलकावर ९६ आलं असतं एवढंच.

---

चोपडेकरीण

मी आशा वर्कर आहे. रोज वाचते, लिहिते पहिल्यांदा. चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे निकालाचं बोलता. माझ्या घरातलं सांगते. मोठी नववीत, धाकटी सातवीत. एकाच शाळेत. धाकटीला दुपारी खिचडी मिळते, मोठीला नाही. धाकटीला पुस्तकं शाळेतून मिळाली, गणवेश मिळाला. मोठीचं सगळं विकत. आठवीपर्यंत सरकार देतं आणि नववीला हात काढून घेतं. मागच्या जूनात मोठी मला विचारते, माय, मी मोठी झाले म्हणून मला भूक लागत नाही का?

आणि नववीतलं पोर चौदा-पंधरा वर्षांचं असतं. त्या वयात कापूस वेचायला मोठ्या बाईएवढाच हात चालतो. किलोला दहा-बारा रुपये. दसऱ्यापासून फरदड (कापसाचा शेवटचा बहर) निघेपर्यंत शेतात काम असतं. बाई विचार करते, शाळेत पाठवलं तर डबा द्या, पुस्तकं द्या, आणि शेतात नेलं तर संध्याकाळी रोख पैसे. मी ज्या घरांत जाते तिथे कोणी म्हणत नाही की शिकवायचं नाही. म्हणतात, "कापूस सरना की जाई ती शाळामा." कापूस संपतो तोवर सहामाही होऊन गेलेली असते. मग तिलाच लाज वाटते वर्गात बसायची.

बसचं पण सांगते. मुलींना पास फुकट आहे, मानव विकास योजनेच्या निळ्या गाड्या आल्या, सायकली मिळाल्या, हे खरं चांगलं झालं. पण गाडी साडेपाचची असली आणि जादा तास साडेसहापर्यंत असला तर पोरगी जादा तासाला थांबत नाही. जादा तास दहावीचाच असतो.

---

मनी_बोली

चोपडेकरीण ताई, खिचडीचं वाचून गप्प झालो. मी स्वतः नववी-दहावीत घरी पळत जाऊन भाकरी खाऊन यायचो, पण माझं घर शाळेच्या भिंतीला लागून होतं.

भाषेचं कोणी काढलंच नाही म्हणून सांगतो. आमच्या घरात शंभर टक्के अहिराणी. पाचवीत पहिल्या दिवशी सरांनी नाव विचारलं आणि मी "मन्हं नाव..." म्हणून सुरू केलं तर वर्ग हसला. हसणारे पण अहिराणीच बोलणारे! त्यानंतर तीन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. आठवीत एक सर आले. त्यांनी फळ्यावर लिहिलं, "तो जाई राहिना", खाली "ही इज गोइंग". म्हणाले, तुमचं 'राहिना' म्हणजे त्यांचं 'आयएनजी', 'राहिनी' पण तेच आणि 'राहिनात' पण तेच, इंग्रजी तुमच्यापेक्षा सोपी आहे. वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी हसणं वेगळं होतं. मला चालू वर्तमानकाळ त्या दिवशी समजला तो आजपर्यंत विसरलो नाही.

अवांतर : सर शिंदखेड्याकडचे होते आणि त्यांच्या डब्यातली कळण्याची भाकर आम्ही चोरून खायचो.

---

सातपुडा_पायथा

मी मोलगीच्या वर, अक्कलकुवा तालुक्यात शिकवतो. तुमच्याकडे अहिराणी तरी आहे, मराठीची चुलतबहीण. इथे पोरगं पावरी किंवा भिली बोलत येतं आणि मराठी त्याला इंग्रजीइतकीच परकी. नंदुरबार २०१८ ला केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत गेला, तेव्हापासून अधिकारी आणि तक्ते पुष्कळ येतात.

आमच्याकडे दिवाळी झाली की मुकादम उचल (आगाऊ पैसे) देऊन ऊसतोडीच्या टोळ्या नेतो, दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांवर. पडावावर, म्हणजे तोडणीच्या तळावर, सगळं घर जातं. परततात होळीला, काठी गावची होळी कोणी चुकवत नाही. आता परीक्षा बघा : २०२५ ला दहावीचे पेपर २१ फेब्रुवारीला सुरू झाले आणि होळी होती १३ मार्चला. म्हणजे पोरानं आईबापाच्या आधी तीन आठवडे एकट्यानं परत यायचं, बंद घर उघडायचं, स्वतः रांधायचं आणि पेपर द्यायचे. आम्ही जानेवारीपासून मुकादमांना फोन करत बसतो. निम्मी येतात.

पण एक फरक दिसतो. जी पोरं आश्रमशाळेत आहेत ती टिकतात जास्त. आश्रमशाळा काही स्वर्ग नाहीत, पाणी नाही, अधीक्षक नाही, सगळ्या तक्रारी खऱ्या. पण तिथे दोन वेळचं जेवण आठवीला थांबत नाही. ताईंनी जे लिहिलं ते वाचून मला पहिल्यांदा हा संबंध नीट लागला. मी इतकी वर्षं समजत होतो की आश्रमशाळेत मुक्काम असतो म्हणून पोरं टिकतात.

---

गिरणाथडी

याला आकड्याची जोड देतो. असर या शिक्षणाच्या पाहणीने २०२३ ला देशातल्या ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची मुलं तपासली होती. त्यातल्या साधारण पाव मुलांना आपल्या भाषेतला दुसरीचा मजकूर सरळ वाचता येत नव्हता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं गणित जमलं फक्त ४३.३ टक्क्यांना. देशाचा आकडा आहे, खान्देशचा नाही. पण नववीच्या वर्गात उभं राहिलेल्या कुठल्याही मास्तराला विचारा.

त्यामुळे सगळं खिचडीवर ढकलू नका एवढंच म्हणणं. आठवीपर्यंत पोट भरलं आणि भागाकार आला नाही, तर नववीत डबा दिला तरी पोरगं बसून करणार काय? २०१० पासून २०२३ पर्यंत आठवीपर्यंत नापास करणं बंद होतं, त्यामुळे पहिली ठेच नववीत लागायची.

---

चोपडेकरीण

भाऊ, माझी मोठी पाढे पाठ म्हणते तरी भागाकार चुकते, तुमचं खरं आहे. पण ती शाळेत असेल तर कोणीतरी शिकवेल. वावरात कोण शिकवणार?

---

बोरीकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. खडूफळा सर, तुमच्या प्रतिसादानंतर पुतण्याला फोन करून त्या सतरा नंबरवाल्या दोघांचं विचारलं. एकाने पेपर दिले, इंग्रजीत गेला. दुसरा गेलाच नाही.

पुण्यात आमचं गावाकडच्या लोकांचं छोटं मंडळ आहे, तीस-पस्तीस जण. दरवर्षी पहिल्या तीन नंबरांना ट्रॉफी आणि पाकीट देतो. यंदा मी म्हटलं की ट्रॉफ्या बंद करू. दोन जण चिडले, म्हणाले हुशार पोरांना प्रोत्साहन नको का. असो, ते भांडण आमचं आम्ही भांडू. पण त्या पैशात दुसरं काय करावं?

---

खडूफळा

तीन गोष्टी सांगतो, तिन्ही लहान.

नववी-दहावीचे पुस्तकांचे संच. एकदा घेतले की तीन-चार वर्षं फिरतात, मात्र शाळेतच ठेवा, कपाटाची किल्ली एका शिक्षकाच्या नावावर.

एसटी आगाराला शाळा आणि ग्रामपंचायत दोघांच्या शिक्क्याचा अर्ज, शेवटची गाडी जादा तासानंतर सोडण्याबद्दल. एकट्या शाळेच्या अर्जाला आगारप्रमुख उत्तर देत नाहीत, सरपंचाच्या देतात.

आणि आठवीतल्या पोरांना एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. बुद्धिमत्ता आणि शालेय विषय असे ९० गुणांचे दोन पेपर. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये, थेट पोराच्या खात्यात. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्याच पोरांना बसता येतं, पिवळ्या गाडीवाल्या विनाअनुदानित शाळांना नाही. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीला ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५०. बऱ्याच शाळा दोन-तीन हुशार पोरांचेच फॉर्म भरतात, कारण बाकीचे भरायचे म्हणजे उत्पन्नाचे दाखले गोळा करत बसा. तुमच्या मंडळानं तलाठी आणि सेतू केंद्राच्या चकरा मारायला एक माणूस दिला तरी खूप झालं.

---

चोपडेकरीण

सर, मोठी नववीत आहे, तिला बसता येईल का?

---

खडूफळा

नाही ताई. आठवीतच बसावं लागतं.

---

चोपडेकरीण

कोणी सांगितलंच नाही तेव्हा. असू द्या. धाकटी पुढच्या वर्षी आठवीत जाईल, तिचं लिहून ठेवते.

---

खडूफळा

धाकटीचा उत्पन्नाचा दाखला जुलैतच काढून ठेवा, फॉर्मच्या वेळी सेतूवर गर्दी होते.

आणि मोठी जूनात दहावीत जाईल ना? माझ्या नातवाचा दहावीचा संच घरी पडून आहे. पुढच्या आठवड्यात चोपड्याला व्याह्यांकडे येतोय, घेऊन येतो. तिचं मराठी माध्यम की सेमी?

---

चोपडेकरीण

सेमी.

---

खडूफळा

मग गणित-विज्ञान इंग्रजीतलं लागेल. नातवाचं मराठी माध्यम होतं. थांबा, बघतो कोणाकडे आहे का.

---

केळीबाग

सर, माझ्या पोरीचं सेमीचं आहे. गणिताचे दोन्ही भाग, विज्ञानाचे दोन्ही. विज्ञान भाग एकचं मुखपृष्ठ फाटलंय, बाकी पानं आहेत. चोपड्याला शनिवारी मालाची गाडी जाते, ड्रायव्हरजवळ देतो.